संस्थापक पायउतार झाल्यावर पुढे काय? इन्फोसिसच्या निमित्ताने

चौकस

तंत्रज्ञान कंपनीचा द्रष्टा संस्थापक बाजूला झाला की पुढे काय, हा विषय निघाला की गाडी लगेच अ‍ॅपलवर जाते. मला इथे इन्फोसिसवर बोलायचंय. एक तर ती जन्माने पुणेकर. जुलै १९८१, सात इंजिनिअर, सगळे पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेले, आणि सुधा मूर्तींनी साठवणीतून काढून दिलेले दहा हजार रुपये. १९८३ मध्ये मायको या ग्राहकामागोमाग बिऱ्हाड बंगळुरूला हललं ते कायमचं. दुसरं म्हणजे, संस्थापकाचं जाणं किती तऱ्हांनी होऊ शकतं ते या एकाच कंपनीत पाहायला मिळतं.

क्रम आठवून पाहा. नारायण मूर्ती २००२ पर्यंत सीईओ. मग नंदन नीलेकणी २००७ पर्यंत, क्रिस गोपालकृष्णन २०११ पर्यंत, एस. डी. शिबुलाल २०१४ पर्यंत. चौघेही मूळ सातांतले. २००६ साली साठी पूर्ण झाली तेव्हा मूर्ती कार्यकारी जबाबदारीतून मोकळे झाले. ऑगस्ट २०११ मध्ये पासष्टीला अध्यक्षपदही सोडलं. आयसीआयसीआय बँकेचे के. व्ही. कामत अध्यक्ष झाले. इतक्या शिस्तीत झालेलं सत्तांतर आपल्याकडे क्वचितच दिसतं.

आणि दोन वर्षं होण्याआधीच, १ जून २०१३ ला, मूर्ती परत आल्याची घोषणा. पद कार्यकारी अध्यक्षाचं, पगार वर्षाला एक रुपया, कार्यकारी साहाय्यक म्हणून मुलगा रोहन. पुढच्या वर्षभरात वरच्या फळीतली माणसं एकामागून एक बाहेर पडली. अशोक वेमुरी गेले, व्ही. बालकृष्णन गेले, बी. जी. श्रीनिवास गेले. २०१४ मध्ये मूर्ती पुन्हा बाजूला झाले आणि एकेकाळी सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीत तंत्रज्ञानप्रमुख असलेले विशाल सिक्का संस्थापकांबाहेरचे पहिले सीईओ झाले. २०१७ मध्ये बाहेर बसलेले मूर्ती आणि आतलं संचालक मंडळ यांचं भांडण वर्तमानपत्रांतून सुरू झालं. १८ ऑगस्टला सिक्कांचा राजीनामा, शेअर एका दिवसात जवळजवळ दहा टक्के खाली, आणि सहाव्या दिवशी नीलेकणी अध्यक्ष म्हणून हजर.

माझं मत असं की खुर्ची २००२ मध्येच रिकामी झाली होती, पण अंतिम शब्द कुणाचा हे ठरायला पंधरा वर्षं लागली. मूळ दुखणं सीईओपदाच्या पाळीत आहे. संस्थापकांनी आपापसात पाळी लावली, त्यामुळे वर्षानुवर्षं राबलेल्या पण संस्थापक नसलेल्या माणसाला वर जागाच उरली नाही. वेमुरी, श्रीनिवास ही माणसं त्या खुर्चीसाठी तयार होत होती. ती वाट पाहून गेली. २०१४ मध्ये बाहेरचा माणूस आणायची वेळ आली ती यामुळे.

तुमची मतं सविस्तर लिहा. नीलेकणींनंतर काय, याबद्दलही.

हिंजवडीकर

पाळीच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. शेजारीच टीसीएस आहे, तिच्याकडे बघा. एफ. सी. कोहलींइतकं दूरचं पाहणारा माणूस भारतीय आयटीत दुसरा दाखवता येणार नाही. त्यांनी १९९६ मध्ये सूत्रं रामदोरैंकडे दिली. २००९ मध्ये चंद्रशेखरन, २०१७ मध्ये राजेश गोपीनाथन, २०२३ मध्ये कृतिवासन. सगळे आतच वाढलेले, मालक एकही नाही. गोपीनाथन यांचा राजीनामा तर अचानक आला, तरी कुणी जुन्या माणसाला शोधायला धावलं नाही, कारण पुढचा माणूस आत तयार होता.

अवांतर: टीसीएसची टीआरडीडीसी ही संशोधन संस्थाही पुण्यात १९८१ सालीच सुरू झाली. एकाच गावात एकाच वर्षी दोन्ही बीजं पडली, हे पुण्यातल्या आयटीवाल्यांनाही फारसं ठाऊक नसतं.

रेवा

चौकस, मांडणी आवडली, पण सगळं खापर पाळीवर फोडणं मला पटत नाही. २०११ ते २०१३ मध्ये धंद्यात काय बिघडलं ते आधी पाहू.

इन्फोसिसला तीस टक्क्यांच्या आसपास ऑपरेटिंग मार्जिनची, म्हणजे महसुलातून कामकाजाचा खर्च जाऊन उरणाऱ्या नफ्याची, सवय होती. किंमत पाडून मोठी कंत्राटं घ्यायची नाहीत ही शिस्त, आणि त्या शिस्तीचा सार्थ अभिमान. २००८ च्या मंदीनंतर अमेरिका-युरोपातले ग्राहक खर्च कमी करायला बसले. कॉग्निझंट ही स्पर्धक कंपनी कमी नफ्यावर समाधानी राहून उरलेला पैसा विक्रीत आणि ग्राहकाच्या जवळ बसणाऱ्या माणसांत घालत होती. २०१२ मध्ये तिने तिमाही महसुलात इन्फोसिसला मागे टाकलं. २०१२-१३ मध्ये इन्फोसिसचा डॉलरमधला महसूल सहा टक्केही वाढला नाही, टीसीएसचा तेरा टक्क्यांहून जास्त वाढला. १२ एप्रिल २०१३ ला निकाल आले आणि शेअर एका दिवसात २१ टक्के कोसळला. मूर्ती परत आले ते यानंतर सात आठवड्यांनी.

आता ही मार्जिनची शिस्त आली कुठून? मूर्तींच्या काळातून. २००८ मध्ये ब्रिटनची अ‍ॅक्सॉन ही सॅप सल्लागार कंपनी घ्यायला इन्फोसिसने ४०.७ कोटी पौंडांची बोली लावली. एचसीएलने वरचढ बोली लावली तशी इन्फोसिस मागे सरली, किंमत वाढवली नाही. चार वर्षांनी स्वित्झर्लंडची लोडस्टोन घेतली, ती याच सॅप सल्ल्याच्या कामासाठी. म्हणजे गरज होती, पण घरच्या नियमाने हात बांधलेले.

संस्थापक जाताना मागे फक्त रिकामी खुर्ची ठेवत नाही. त्याच्या हातून यशस्वी झालेल्या सवयीही ठेवून जातो. त्या बदलायचं धाडस वारसाला होत नाही, आणि बाजार बदलला की त्याच सवयी गळ्याशी येतात. शिबुलाल यांच्या जागी वेमुरी असते तरी तीस टक्क्यांना हात लावायची मुभा त्यांना मिळाली असती का?

पाषाणकर

मुलांनो, माझं वय पंचाहत्तरीपुढचं, म्हणून थोडं मागचं सांगतो. तेव्हा मी पुण्यातच एका कारखान्यात डेटा प्रोसेसिंग विभागात होतो.

१९८१ साली स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढणं म्हणजे काय, याची आज कल्पना येणार नाही. संगणक आयात करायचा तर परवाना दिल्लीतून. त्यासाठी महिनोन्‌महिने खेटे, कधी वर्षं. टेलिफोनचं कनेक्शन मिळायला वर्ष लागायचं. बँकेला तारण म्हणून दाखवायला यंत्रं हवीत, आणि प्रोग्राम हे काही यंत्र नव्हे, तेव्हा कर्ज कसलं मिळतंय. इन्फोसिसचा पहिला मोठा संगणक, डेटा जनरल कंपनीचा, आला तो १९८३ मध्ये, बंगळुरूला. तोवर माणसं अमेरिकेत पाठवून तिथल्या ग्राहकाच्या यंत्रावर काम करावं लागे. मूर्तींची याआधीची पुण्यातली सॉफ्ट्रॉनिक्स दीड वर्षात बंद पडली होती, तरी त्यांनी पुन्हा हिंमत केली.

१९९० च्या सुमाराला कंपनी दहा लाख डॉलरला विकत मागितली गेली. सोबत्यांचं मन विकण्याकडे झुकलं होतं. मूर्ती म्हणाले, तुम्हाला जायचं तर तुमचे हिस्से मी विकत घेतो. खिशात पैसे नसताना म्हणाले. मग सगळे थांबले.

हे सांगायचं कारण, मूर्तींचा शब्द जड होता तो पदामुळे नव्हता. तो या अशा वर्षांतून आला होता. निवृत्तीचं वय लिहून ठेवता येतं, पण दहा वर्षं पुढचं पाहून उभ्या राहिलेल्या माणसाचं वजन ठराव करून काढून घेता येत नाही. २०१३ मध्ये शेअर पडल्यावर लोकांनीच त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना दोष देताना हे विसरू नका.

अनुस्वार

पाषाणकर काका, तुमच्या आठवणी वाचून खरंच आनंद झाला. आणखी लिहा. पण २०१७ बद्दल मला स्पष्ट बोलायचंय.

सिक्कांवर अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे. त्यांनी येताच जे ओळखलं ते आज सगळे सांगतायत: माणसं वाढवून महसूल वाढवायचं दुकान फार दिवस चालणार नाही, यंत्रांकडून होणारं काम यंत्रांकडे द्या. कर्मचाऱ्यांना डिझाइन थिंकिंगचं प्रशिक्षण, २०१६ मध्ये ‘माना’ हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मंच, पुढच्या वर्षी ‘निया’. डिसेंबर २०१५ मध्ये ओपनएआयची स्थापना जाहीर झाली तेव्हा पाठीराख्यांच्या यादीत इन्फोसिसचं नाव होतं! सॅम ऑल्टमन, इलॉन मस्क, अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस यांच्या रांगेत. भारतातल्या कुठल्या सेवा कंपनीच्या प्रमुखाला तेव्हा हे सुचलं होतं?

(तेव्हा ओपनएआय ना-नफा संस्था होती आणि तो देणगीचा विषय होता, हिस्सा विकत घेण्याचा नव्हता. ‘इन्फोसिसने अब्जावधी घालवले’ असे जे संदेश फिरतात ते चूक आहेत. पण त्या टेबलावर बसणं, ती माणसं ओळखणं यालाही किंमत असतेच.)

आणि याच माणसाची तीन वर्षं कशात गेली? पनाया या इस्रायली सॉफ्टवेअर कंपनीची २० कोटी डॉलरची खरेदी महाग होती का, माजी वित्तप्रमुखाला जाताना १७.३८ कोटी रुपये का कबूल केले, सीईओचा पगार किती, विमान कोणतं. निनावी पत्रं, वृत्तपत्रांत मुलाखती. संचालक मंडळाने राजीनाम्याच्या दिवशी लेखी निवेदन काढून मूर्तींच्या सततच्या हल्ल्यांना जबाबदार धरलं. कंपनीच्या संचालक मंडळाने आपल्याच संस्थापकाबद्दल असं लिहिणं किती टोकाचं आहे! नीलेकणी आल्यावर, ऑक्टोबर २०१७ मध्ये, नव्या मंडळानेही पनायाच्या चौकशीत गैर काही सापडलं नाही असंच सांगितलं.

सांगलीचा_भागधारक

अनुस्वार, दुसरी बाजूही बघा. मी छोटा भागधारक आहे, बरीच वर्षं.

वित्तप्रमुखाला कबूल केलेल्या रकमेचा प्रश्न क्षुल्लक नव्हता. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाला एवढी रक्कम का, हे भागधारकाने विचारायचं नाही तर कुणी? पाच कोटींच्या आसपास रक्कम दिल्यावर पुढचे हप्ते खुद्द मंडळानेच थांबवले, याचा अर्थ त्यांनाही ते सरळ वाटलं नसावं. पुढे सेबीपुढे कंपनीने ते प्रकरण तडजोडीने मिटवलं. आणि पनायाचा चौकशी अहवाल पूर्ण प्रसिद्ध करा एवढीच मूर्तींची मागणी होती. नव्या मंडळानेही तो पूर्ण प्रसिद्ध केला नाही. पनाया स्वतः २०१८ मध्ये विक्रीला काढली.

मूर्तींची वाट मात्र मला मान्य नाही. त्यांच्या कुटुंबाकडे तेव्हा साडेतीन टक्क्यांच्या आत हिस्सा होता, सगळे संस्थापक धरूनही तेरा टक्क्यांच्या आत. मतांच्या जोरावर ते मंडळ बदलू शकत नव्हते. सभा बोलावून ठराव मांडता आला असता, तो हरला असता तर हरला असता. त्याऐवजी सगळं माध्यमांतून झालं, आणि माझ्यासारख्या हजारो लोकांची बचत एका शुक्रवारी दहा टक्क्यांनी घटली. प्रश्न योग्य होता, पण तो विचारायची जागा चुकली.

शेवटी निर्णय फिरवला कुणी? मोठ्या म्युच्युअल फंडांनी आणि विमा कंपन्यांनी. डझनभर निधी व्यवस्थापकांनी मिळून नीलेकणींना परत आणा असं पत्र दिलं, तेव्हा हललं सगळं.

चौकस

उत्तम चर्चा, सगळ्यांचे आभार.

रेवा, तुमचा सवयीचा मुद्दा मला माझ्या मुद्द्याला पूरक वाटतो. सवय मोडायला बाहेरची नजर आणि आतला मान दोन्ही लागतं. पाळीने कंपनीला पहिलं दिलं नाही. सिक्कांकडे नजर होती, मान नव्हता.

पाषाणकर काका, वजन ठरावाने काढता येत नाही हे मान्य. मग ते वजन असलेल्या माणसाने काय करावं, यावर तुमचं मत वाचायला आवडेल. २०१७ च्या उन्हाळ्यात मूर्तींनी एका मुलाखतीत सांगितलं होतं की २०१४ मध्ये अध्यक्षपद सोडल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. अडुसष्टाव्या वर्षी सोडलेल्या पदाबद्दल सत्तरीत हळहळ वाटावी, एवढं कंपनीत मन गुंतलेलं. ते मी समजू शकतो. पण त्या मुलाखतीनंतर सिक्कांच्या हाताखालच्या माणसाने आदेश कुणाचा मानायचा?

सॅनहोजेकर

अ‍ॅपल नको म्हणालात तरी थोडं आणतो, कारण तारखाच तशा आहेत. मूर्तींनी अध्यक्षपद सोडलं त्याच आठवड्यात, २४ ऑगस्ट २०११ ला, स्टीव्ह जॉब्ज यांनी अ‍ॅपलचं सीईओपद सोडलं. इथे कूपर्टिनोच्या आसपास राहणाऱ्या आम्हा लोकांना तो दिवस चांगला आठवतो. ५ ऑक्टोबरला जॉब्ज गेले. (आणि बरोबर सहा वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नीलेकणी इन्फोसिसमध्ये परतले.)

टिम कुक सरस ठरले कारण ते कारभारात मुरलेले होते, असं साधारण सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जॉब्ज आजारी असताना कुक यांनी तीनदा कंपनी चालवून दाखवली होती: २००४, २००९ आणि २०११. संस्थापक हयात असताना, त्याच्या संमतीने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. खुर्ची मिळाली तेव्हा लोकांना त्यांच्याकडून आदेश घ्यायची सवय झालेली होती. मूर्ती ते शिबुलाल यांच्यात अशी संधी संस्थापकांखेरीज कुणालाच मिळाली नाही.

रेवांच्या मुद्द्याबद्दल. अ‍ॅपलने १९९५ नंतर लाभांश दिलाच नव्हता. तिजोरीत पैसा साठवून ठेवायची जॉब्ज यांची पद्धत. कुक यांनी २०१२ मध्येच लाभांश पुन्हा सुरू केला आणि पुढे शेअर्सची प्रचंड पुनर्खरेदी केली. जुनी सवय त्यांनी पहिल्या वर्षातच मोडली. ‘मी काय केलं असतं असं विचारत बसू नका, योग्य वाटेल ते करा’ असा सल्ला जॉब्ज यांनीच दिल्याचं कुक यांनी अनेकदा सांगितलंय. जाणाऱ्याने एवढं बोलून ठेवलं तर वारसाचे हात मोकळे होतात.

मेधा_कोथरूड

मोठ्या कंपन्यांचं वाचतेय, पण हे छोट्या कंपन्यांत जास्त टोकदार होतं. मी पुण्यातल्या एका उत्पादन बनवणाऱ्या छोट्या कंपनीत होते, नाव सांगत नाही. संस्थापकांनी बाहेरून अनुभवी माणूस आणून प्रमुख केला आणि स्वतः ‘सल्लागार’ झाले. केबिन तीच, वेळ तीच. बैठकीत नवे प्रमुख निर्णय सांगायचे, आणि बैठक संपली की दोघं-तिघं सरांच्या केबिनमध्ये. सर कधीच म्हणायचे नाहीत की निर्णय चुकीचा आहे. फक्त ‘असं का ठरवलं त्यांनी?’ एवढं विचारायचे, आणि दुपारपर्यंत अख्ख्या मजल्याला कळायचं की हे होणार नाहीये.

आमच्यासारख्यांचे यात हाल होतात. नव्या प्रमुखांनी ठरवलेलं मॉड्यूल लिहायला घ्यावं तर ते पुढच्या महिन्यात टिकेल याची खात्री नाही. न घ्यावं तर कामचुकार ठरतो. चांगली मुलं सोडून गेली. हुशार माणूस वाईट निर्णय सहन करतो, पण अर्धवट निर्णय सहन करत नाही.

पुढे सरांनी स्वतःच आठवड्याच्या आढाव्याला येणं बंद केलं आणि ग्राहकांना भेटण्यापुरतंच काम ठेवलं. कुणी केबिनमध्ये तक्रार घेऊन आलं की ‘त्यांना विचार’ म्हणून परत पाठवायचे. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली, पण तोवर दोन मोठे ग्राहक गेले होते.

पाषाणकर

चौकस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मेधाताईंनी दिलं. ‘त्यांना विचार’ म्हणता यायला हवं.

हिंजवडीकर

मेधा, अगदी ओळखीचं चित्र. पुण्यातलं चांगलं उदाहरणही सांगायला हवं: पर्सिस्टंट. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केलेली कंपनी. २०१९ मध्ये त्यांनी सीईओपद आयबीएममधून आलेल्या ख्रिस्तोफर ओ’कॉनर यांना दिलं. तो प्रयोग दोन वर्षंही टिकला नाही. इथे कुठल्याही संस्थापकाला वाटलं असतं की आता मीच बसतो पुन्हा. त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये संदीप कालरांना बसवलं. २०२०-२१ मध्ये सुमारे ५७ कोटी डॉलर असलेला वार्षिक महसूल २०२४-२५ मध्ये १४१ कोटींवर गेला. सेनापती बापट रस्त्यावरच्या कंपनीने एवढी मजल मारली याचा मला मनापासून अभिमान आहे.

रेवा

पर्सिस्टंटबद्दल अभिमान मलाही आहे. पण देशपांडे अजून अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक आहेत, मोठा हिस्साही त्यांच्याकडेच आहे. म्हणजे कालरांच्या पाठीशी संस्थापक उभा आहे. संस्थापक पूर्ण बाजूला झाल्यावरची परीक्षा तिथेही अजून व्हायचीय.

हाच धागा पकडून इन्फोसिसकडे परत येते, कारण २०१७ नंतर जे झालं त्यावर इथे कुणीच बोललेलं नाही.

सलील पारेख २ जानेवारी २०१८ ला आले, कॅपजेमिनीतून. सिक्कांसारखेच बाहेरचे. त्यांनी पहिल्याच आर्थिक वर्षासाठी मार्जिनचा पट्टा २२ ते २४ टक्क्यांवर आणला. पुढे तो आणखी खाली आला. सिक्कांनी २०२० पर्यंत २० अब्ज डॉलर महसूल असं स्वप्न मांडलं होतं, पण त्यातही मार्जिन तीस टक्के ठेवलं होतं, हे लक्षात घ्या. बाहेरून आलेल्या, वेगळं बघणाऱ्या माणसालाही तो आकडा सोडवेना. पारेखांनी सोडला. किंमत कमी करून, ग्राहकाची माणसं स्वतःकडे घेऊन मोठी कंत्राटं घेतली, डिसेंबर २०२० मधलं डाइम्लरचं त्यातलं सर्वांत गाजलेलं. २०१७-१८ मध्ये जवळपास ११ अब्ज डॉलर असलेला महसूल २०२२-२३ मध्ये १८ अब्जांवर गेला.

२०१९ मध्ये पारेखांविरुद्धही निनावी पत्रं आली होती, हिशेबात गडबड असल्याचा आरोप होता. लेखापरीक्षण समितीने चौकशी केली, जानेवारी २०२० मध्ये आरोपांत तथ्य नसल्याचं जाहीर झालं, कारभार पुढे चालू राहिला. २०१७ मध्ये असंच पत्र कंपनी हलवून गेलं होतं. या वेळी का नाही हलवलं?

माझ्या मते कारण नीलेकणी. ते अध्यक्षपदी असल्यामुळे कुणाही संस्थापकाला ‘ही आपली कंपनी राहिली नाही’ असं वाटायचं कारण उरलं नाही. ते मूर्तींशी बोलू शकतात. १९७८ मध्ये पटनीत त्यांची निवड करणारे मूर्तीच होते. बाहेरच्या सीईओला काम करू द्यायला एक संस्थापक मध्ये उभा राहावा लागला. ही व्यवस्था छान चालली, त्याबद्दल नीलेकणींना श्रेय द्यायलाच हवं. पण ती एका माणसावर उभी आहे, आणि ते आता सत्तरीपार आहेत. पारेखांना २०२२ मध्ये मुदत मिळाली ती मार्च २०२७ पर्यंतची. सीईओ कोण, यापेक्षा नीलेकणींनंतर त्या जागी कोण, याची मला जास्त काळजी वाटते.

अनुस्वार

रेवा, हे मात्र मी या दृष्टीने पाहिलं नव्हतं. सिक्कांना असा अध्यक्ष मिळाला असता तर चित्र वेगळं असतं. तेव्हाचे अध्यक्ष शेषसायी सज्जन आणि अनुभवी, पण मूर्तींना फोन करून ‘आता थांबा’ म्हणण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

एक शंका. पुढचा अध्यक्षही संस्थापकांपैकीच हवा असा याचा अर्थ होतो का? तसं असेल तर काही वर्षांनी कुणी उरणारच नाही.

रेवा

नाही, उलट. मूर्ती आणि नीलेकणी दोघेही हयात आणि सक्रिय असतानाच बाहेरचा अध्यक्ष बसवावा, आणि त्याच्या पहिल्या वादग्रस्त निर्णयाला दोघांनी उघडपणे पाठिंबा द्यावा किंवा उघडपणे गप्प राहावं. सॅनहोजेकरांनी सांगितलेलं कुक यांचं उदाहरण हेच सांगतं. सवय लागायची ती संस्थापक समोर असताना लागते.

चौकस

पटलं. कामतांच्या वेळी ती संधी होती. ते बाहेरचे होते, वजनदार होते. २०१३ ला शेअर पडल्यावर मूर्तींनी परत यायच्या ऐवजी कामतांच्या मागे उभं राहायचं ठरवलं असतं, तर शिबुलालांच्या जागी आतलाच एखादा वेमुरी किंवा श्रीनिवास बसला असता असं मला राहून राहून वाटतं.

सांगलीचा_भागधारक

मग आपण बोलून थांबायचं कशाला? वार्षिक सर्वसाधारण सभा हल्ली ऑनलाइन असते. बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं, त्याची पद्धत सभेच्या सूचनेत दिलेली असते. एक शेअर असला तरी बोलता येतं. मी नाव नोंदवणार आहे. लाभांश किती, पुनर्खरेदी कधी, हे विचारणारे पुष्कळ असतात. मी अध्यक्षपदाबद्दल विचारीन. रेवाताई, प्रश्न नेमका कसा मांडावा? दोन मिनिटांत बसायला हवा.

रेवा

असा मांडून पाहा: ‘सीईओच्या वारसाची तयारी नामांकन समिती करते, हे अहवालात येतं. अध्यक्षांच्या वारसाची तयारी कोण करतं, त्यासाठी संस्थापक नसलेली किती नावं विचारात आहेत, आणि नवा अध्यक्ष सध्याच्या अध्यक्षांच्या कार्यकाळातच नेमून काही काळ दोघांनी बरोबर काम करावं असा विचार मंडळाने केला आहे का?’ उत्तर मोघम मिळालं तरी ते इतिवृत्तात येईल, आणि पुढच्या वर्षी त्यावरून पुढचा प्रश्न विचारता येईल.

हिंजवडीकर

माझ्याकडेही थोडे शेअर आहेत. मीही नाव नोंदवतो, म्हणजे तुमचं नेट गेलं तर प्रश्न राहायला नको. सूचना आली की इथेच कळवा.